उंबऱ्याबाहेरच्या भाषा

सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरची बंजारा आजी जन्मभर गोरबोलीत बोलते, गोरबोलीत भांडते, नातवंडांना गोरबोलीतच निजवते. जनगणनेच्या तक्त्यात मात्र ती हिंदी भाषक ठरते. बंजारी, लमाणी, लंबाडी अशा नावांनी सांगितलेल्या मातृभाषा तिथे हिंदीच्या गटात मोजल्या जातात. सरकारी तक्त्याला हसण्याआधी आपण आपल्या ग्रंथालयाचे टेबल तपासावे. सभासदत्वाच्या छापील अर्जात नाव, पत्ता, वय, व्यवसाय आणि अनामत एवढे असते. ‘घरी कोणती भाषा बोलता?’ असा रकाना मी अजून पाहिलेला नाही. जनगणनेने निदान चुकीच्या खणात का होईना, आजीला टाकले तरी. आपल्याकडे तिच्यासाठी खणच नाही. म्हणून वार्षिक अहवालात वाचक घटल्याची कारणे लिहिताना मोबाइल येतो, टीव्ही येतो, इंग्रजी शाळा येते. कपाटातली भाषा एक आणि गल्लीतली दुसरी, हे कारण कोणी लिहीत नाही.

ही पुस्तिका त्या न लिहिलेल्या कारणाबद्दल आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे ग्रंथपाल, लिपिक, शिपाई आणि विशेषतः संचालक मंडळे हे तिचे वाचक. ज्यांच्या घरात मराठीपेक्षा वेगळी भाषा आहे, किंवा मराठीच आहे पण पुस्तकातल्यासारखी नाही, त्यांना ग्रंथालयात कसे आणावे आणि आल्यावर काय द्यावे, एवढाच तिचा प्रश्न. पुढच्या प्रकरणांत नमुना अर्ज आहेत, नोंदवह्यांचे तक्ते आहेत. प्रस्तावनेत मला त्यामागचे सांगायचे आहे, कारण ते पटले नाही तर तक्ते कोरेच राहणार.

परभणीपासून वेगळा होऊन हा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ असे पाच तालुके. राज्याच्या नकाशावर लहान आणि कागदावर ‘मराठी भाषक’. पण हिंगोली शहरातल्या जुन्या वस्त्यांची नावे एका दमात म्हणून पाहा : पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. निजामाच्या राज्यातली ही लष्करी छावणी. तिच्या मागोमाग बाजार आला आणि बाजारासोबत हिंदुस्तानी बोलणारी माणसे आली. छावणी गेली, नावे राहिली, माणसेही राहिली. रेल्वेने तर अजून ‘हिंगोली डेक्कन’ हे नाव सोडलेले नाही, जणू गाडीतून उतरणाऱ्याला आजही हैदराबादच्या मुलखात उतरल्याची खूण पटावी. कळमनुरी आणि औंढ्याच्या डोंगराळ पट्ट्यात आंध आदिवासींची गावे आहेत. कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे ते त्यामुळेच. माळरानावर, गावापासून थोडे अंतर राखून, तांडे आहेत. वसमत, कळमनुरी, हिंगोली या गावांत मोठी मुस्लिम वस्ती आहे, उर्दू शाळा आहेत. हळदीच्या आणि कापसाच्या धंद्यात मारवाडी, हिंदी ऐकू येते. सकाळी बसस्थानकावर तासभर उभे राहिले तर यातल्या बहुतेक भाषा कानावर पडतात. तिथून पायी अंतरावरच्या वाचनालयात गेले की एकच उरते.

यात कोणाचा दुष्टावा नाही. इतिहास आहे, आणि तो आपल्याच बाजूने दुखरा आहे. हैदराबाद संस्थानात मराठी ही प्रजेची भाषा होती, राज्याची नव्हती. दफ्तर उर्दू, कचेरी उर्दू, वरचे शिक्षण उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि विद्यापीठातले शिक्षण एका भारतीय भाषेतून देण्याचे धाडस त्याने केले. ते काम मोठेच होते; वैद्यक आणि अभियांत्रिकी देशी भाषेतून शिकवता येते हे त्याने करून दाखवले. फक्त ती भाषा राज्यातल्या बहुसंख्य तेलुगू, मराठी, कानडी माणसांची नव्हती. चौथीपर्यंत मराठीत शिकलेला मराठवाड्यातला मुलगा पुढे उर्दूच्या पाटीखाली जाऊन बसे. सभा भरवायची तर सरकारी परवानगी लागे. त्या हुकमाचे ‘गश्ती निशान ५३’ हे नाव जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत सारखे येते. अशा वेळी आपल्या भाषेत एकत्र येण्याच्या मोजक्या जागांपैकी एक होते वाचनालय. तेलुगू मंडळींनी हैदराबाद शहरात १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम काढले. मराठी मंडळींनी त्याच शहरात १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय काढले. परभणीचे गणेश वाचनालय आणि मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्यांतली जुनी वाचनालये याच हवेत वाढली. हक्काची भाषा सरकारी शाळेत मिळत नाही, तेव्हा ती चार बाकांच्या खोलीत मिळवायची, हा धडा आपल्या आजोबांनी स्वतःच्या खर्चाने गिरवलेला आहे.

विचारवंत नरहर कुरुंदकर याच मातीतले. मूळ गाव वसमत तालुक्यातले कुरुंदा. जन्म १९३२ सालचा, नांदापूरचा, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यातलाच. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडे राहिले आणि हे मामा, डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. उर्दू विद्यापीठातला मराठीचा प्राध्यापक आणि त्याच्या घरात वाढणारा भाचा : मराठवाड्यातल्या वाचनसंस्कृतीचा एवढा नेमका दाखला दुसरा मला सुचत नाही. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांचे उदाहरणही जवळचे. ते निजाम सरकारच्या नोकरीत अधिकारी होते. उर्दू-फारसीचे जाणकार, इतिहासकार, आणि आदिवासी भागात काम करताना त्यांनी गोंडी आणि कोलामी शिकून त्या भाषांवर लिहिले. उर्दू काव्याची गोडी मराठी वाचकांना लावणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते. त्या पिढीला चार भाषा येणे यात विशेष वाटत नव्हते. विशेष वाटायला लागले ते नंतर.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, त्यानंतर राज्याची भाषा बदलली, आणि ते न्यायाचेच होते. पण राज्यकर्त्याची भाषा गेली तिच्याबरोबर उर्दू बोलणारा शिंपी, टांगेवाला, विणकर, हमाल गेला नाही. तो कधी राज्यकर्ता नव्हताच. त्याची पोरे इथेच राहिली, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत गेली, आणि बाजारात आपल्याइतकीच सफाईने मराठी बोलू लागली. ग्रंथालयांनी मात्र उर्दूचा हिशेब जुन्या वहीतच बंद केला. मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा १९५५ चा ग्रंथालय कायदा लागू होता. स्वतंत्र भारतात मद्रासनंतरचा तो दुसराच. पुढे महाराष्ट्राचा १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. दोन्ही कायद्यांनी ग्रंथालयाचे दार सर्वांना उघडे ठेवले. दारातून आत आलेल्या उर्दू वाचकाला काय वाचायला द्यायचे, हा प्रश्न मंडळांवर सोडला, आणि मंडळांत उर्दू वाचता येणारे कोणी नव्हते. आपल्या राज्यातली पद्धत अशी की ग्रंथालय सरकारचे नसते, स्थानिक संस्थेचे असते. सरकार अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान देते. गावाच्या हातात सूत्रे असण्याचा हा मोठा गुण, पण त्यात एक खोट दडलेली आहे : गावातले जे घर मंडळात नाही, ते कपाटातही नाही.

अलीकडेच एक गंमत झाली. २०२३ च्या सप्टेंबरात निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मराठवाड्यातल्या तहसिलींमधून जुनी बाडे निघाली. ती होती मोडीत आणि उर्दूत. आजोबांची जात आणि जमीन त्या नस्तालीक वळणात लिहिलेली, आणि वाचणार कोण? मग उर्दू जाणकारांची शोधाशोध. ज्या भाषेला आपण ‘त्यांची’ म्हणत होतो तिच्यात आपल्याच सातबाराचे मूळ निघाले. उर्दूचे वर्ग ग्रंथालयात चालवणे ज्यांना पटत नसेल त्यांना मी हे एकच कारण सांगतो. भाषाप्रेम वगैरे पुढचे.

आता कपाटाकडे येऊ. ग्रंथालयशास्त्राच्या दशांश वर्गीकरणात उर्दू साहित्याचा क्रमांक ८९१.४३९ आणि मराठी साहित्याचा ८९१.४६. म्हणजे शास्त्राप्रमाणे ही दोन कपाटे एकमेकांना खेटून असायला हवीत. प्रत्यक्षात उर्दू पुस्तके असलीच तर कोण्या दिवंगत सभासदाच्या घरून देणगीत आलेली, दाखल नोंदवहीत ‘उर्दू पुस्तक, १ नग’ अशी लिहिलेली असतात. नाव नाही, लेखक नाही, कारण लिहिणाऱ्याला वाचता येत नाही. ग्रंथालयाचा शिक्का शेवटच्या पानावर असतो. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते हे शिक्का मारणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. पाठीवरचा क्रमांकही त्यामुळे उलट्या अंगाने डकवला जातो. हे सगळे दुरुस्त करायला एक उर्दू शाळेतला शिक्षक आणि दोन रविवार पुरतात. नाव, लेखक, विषय उर्दूत आणि देवनागरीत असे दोन्ही लिपींत लिहायचे, म्हणजे काउंटरवरच्या माणसालाही पुस्तक शोधता येते आणि वाचकालाही.

उर्दूपुढे छापील मजकुराची अडचण नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. उर्दूत पुस्तके अमाप आहेत. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद आहे, राज्याची उर्दू साहित्य अकादमी आहे, नॅशनल बुक ट्रस्टची उर्दू पुस्तके आहेत, मुंबईहून निघणारे ‘गुल बूटे’सारखे मुलांचे मासिक आहे, बालभारतीची उर्दू पाठ्यपुस्तके आहेत. शेजारी नांदेडला उर्दू घर झाले आहे. वली आणि सिराज या दोन औरंगाबादी कवींना वगळून उर्दू गझलेचा इतिहास लिहिता येत नाही. म्हणजे ही भाषा मराठवाड्यात पाहुणी म्हणून आलेली नाही. अडचण एवढीच की वसमतच्या उर्दू माध्यमात शिकणाऱ्या सातवीच्या मुलीला शाळेच्या पुस्तकाबाहेरचे उर्दू पुस्तक हातात धरायला मिळत नाही. आणि तिला सोपे मराठी पुस्तकही मिळत नाही, हे तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे तिला मराठीतच अर्ज करायचे आहेत, मराठीतच भरतीची परीक्षा द्यायची आहे. मराठी शाळेतल्या सातवीच्या मुलांसाठी निवडलेली कादंबरी तिला जड जाते आणि पहिलीची चित्रकथा तिच्या वयाला लाजिरवाणी वाटते. मधली पायरी तिच्यासाठी वेगळी निवडावी लागते. उर्दूचे कपाट करताना मराठीची ही पायरी विसरली तर अर्धेच काम होईल.

अभ्यासिकेचा मुद्दाही इथेच. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका आज तालुक्याच्या ग्रंथालयांना जगवत आहेत, हे मान्य करायला हवे. पण घरी जागा नसलेल्या मुलींसाठी दुपारची एखादी राखीव वेळ, दारात ओळखीची बाई, आणि अंधार पडायच्या आत सुटी, एवढे केले की मोहल्ल्यातल्या आया स्वतः मुलींना सोडायला येतात. यासाठी उर्दूचे एकही पुस्तक लागत नाही.

हा प्रश्न हिंगोलीचाच नाही. अमेरिकेत आज चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात, आणि तिथल्या ग्रंथालयांनाही हा वाचक फार उशिरा दिसला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९२१ साली हार्लेममधल्या शाखेत पुरा बेलप्रे नावाच्या तरुणीला नोकरी दिली. ती पोर्तो रिको बेटावरून आलेली. वस्तीत स्पॅनिश बोलणारी कुटुंबे वाढत होती आणि ग्रंथालयात त्यांच्याशी बोलणारे कोणी नव्हते. मुलांच्या कपाटात तिला आपल्या बेटावरची एकही गोष्ट सापडेना. मग आजीकडून ऐकलेल्या झुरळाच्या आणि उंदराच्या गोष्टी ती तोंडानेच सांगू लागली, दोन्ही भाषांत, पुढे बाहुल्या हातात घेऊन. त्यातली ‘पेरेझ आणि मार्तिना’ ही गोष्ट १९३२ साली पुस्तक होऊन छापली गेली आणि तिच्याच ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसली. आज तिकडच्या लॅटिनो बालसाहित्याचा मोठा पुरस्कार तिच्या नावाने दिला जातो. पुढे १९७१ साली आर्नुल्फो त्रेहो या ग्रंथपाल-प्राध्यापकाच्या पुढाकाराने स्पॅनिश भाषकांना ग्रंथालय सेवा मिळावी यासाठी ‘रिफॉर्मा’ ही ग्रंथपालांची संघटना उभी राहिली. ती आजही चालू आहे. पन्नास वर्षांत त्यांनी कपाटे भरली हे आहेच, पण त्यांचा खरा भर नोकरभरतीवर राहिला : टेबलाच्या पलीकडे स्पॅनिश बोलणारे माणूस बसले पाहिजे.

त्यांचे सगळे आपल्याला उचलता येणार नाही. तिकडे ग्रंथपाल नगरपालिकेचा पगारी माणूस असतो. आपल्याकडच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला तीस हजार रुपये अनुदान मिळत होते आणि ते दहा वर्षे तसेच राहिले. २०२२ साली साठ टक्के वाढ झाली तेव्हा आकडा अठ्ठेचाळीस हजारांवर गेला. यात ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि पुस्तके. या पैशांत दुसरा माणूस नेमा असे सांगणे ही थट्टा होईल. म्हणून या पुस्तिकेत ‘नेमणूक’ हा शब्द टाळला आहे. त्याऐवजी आठवड्यातून एक संध्याकाळ देणारा उर्दू शिक्षक, तांड्यावरची शिकलेली सून, आश्रमशाळेतून सुटीवर आलेला मुलगा, अशी माणसे कशी शोधावीत ते सांगितले आहे. त्यांना प्रवासखर्च आणि चहा मिळाला पाहिजे, नावाची पाटीही मिळाली पाहिजे. फुकटात राबवून घेतलेला स्वयंसेवक पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

गोरबोलीचे काम उर्दूच्या अगदी उलट्या टोकाने सुरू होते. तिथे कपाट करू म्हटले तर कपाटात ठेवायला फार थोडे आहे. गोरबोलीला स्वतःची रूढ लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडासारखी अभ्यासाची पुस्तके आहेत, बंजारा लेखकांची मराठीतली आत्मकथने आहेत, ती घ्यावीतच. पण ती तांड्याबद्दल आहेत. तांड्यावरच्या पहिलीतल्या मुलासाठी नाहीत. या भाषेचे ग्रंथालय तोंडात आहे. होळीच्या लेंगी, लग्नातला नवरीचा ढावलो, तिजेची गाणी, सेवालाल महाराजांच्या कथा, नायकाच्या निवाड्यांच्या गोष्टी, गाईबैलांचे आणि लदेणीचे शब्द. म्हणून तिथे ग्रंथपालाने पुस्तकांची यादी घेऊन जाऊ नये. ऐकायला जावे.

यासाठी फार यंत्रणा लागत नाही. साधा मोबाइल, बऱ्यापैकी ध्वनिमुद्रण, आणि नोंद : कोणी सांगितले, कोणत्या तांड्यावर, कधी, कोणत्या प्रसंगाला. सांगणाऱ्याची परवानगी आधी घ्यायची आणि ती त्याच्याच भाषेत समजावून घ्यायची, कारण ढावलो हे रडगाणे आहे; ते कोणाच्या घरातले खासगी दुःखही असू शकते आणि उद्या व्हॉट्सॲपवर फिरलेले कोणाला आवडणार नाही. ध्वनिमुद्रणाची प्रत तांड्याकडे राहिली पाहिजे. मग त्यातल्या निवडक गोष्टी देवनागरीत उतरवून, शेजारी मराठी ठेवून, आठ-आठ पानांच्या पुस्तिका करता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावरची चित्रे आणि गोष्टी मुक्त परवान्याने वापरता येतात. त्यांचे गोरबोलीत भाषांतर करून छापले तर कोणाचा हक्क बुडत नाही. अशा पुस्तिकेची किंमत झेरॉक्सएवढी असते. तिला दाखल क्रमांक द्यावा, शिक्का मारावा, आणि इतर पुस्तकांसारखीच ती देवघेवीत ठेवावी. तिच्यावर ‘स्थानिक उपक्रम’ अशी चिठ्ठी लावून काचेच्या कपाटात बंद करू नये. पाहुण्यांना दाखवायच्या वस्तू तिथे आधीच पुरेशा आहेत.

शाळेत पहिल्यांदा आलेल्या तांड्यावरच्या मुलाला ‘पाणी’ आणि ‘भाकरी’ पलीकडची मराठी येत नसते आणि गुरुजींना गोरबोली येत नसते. पहिली दोन वर्षे दोघांची एकमेकांना समजून घेण्यातच जातात. ज्या शिक्षकांनी स्वतःहून गोरबोली-मराठी शब्दांच्या वह्या केल्या आहेत, त्या वह्या कपाटात आणणे हे ग्रंथालयाचे काम आहे. मुलाने आपली भाषा पुस्तकात पाहिली की ते मराठीकडेही धीटपणे येते. मराठीचे नुकसान होईल ही भीती मला खरी वाटत नाही, पण ती बोलून दाखवणाऱ्यांना मी हसतही नाही. इंग्रजी शाळांच्या रेट्यात मराठी वाचनालये तगवणे अवघड झालेले आहे आणि त्यात ‘आणखी भाषा’ ऐकले की माणूस वैतागतो. त्यांनी जरा उलटे पाहावे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातून मराठी पुस्तकांच्या पेट्या दुबईसारख्या शहरांत गेल्या, तेव्हा आपल्याला केवढे कौतुक वाटले. परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आपल्या भाषेचे पुस्तक मिळावे हे आपल्याला लगेच पटते. तांड्यावरची माणसे तर परमुलखातही नाहीत.

आंध समाजाबद्दल एकच सांगतो. त्यांची बोली मराठीच्या इतकी जवळची आहे की वेगळ्या सेवेची गरज कोणाला वाटत नाही. आणि नेमके म्हणूनच तिला अशुद्ध मराठी समजून तिथल्या मुलांना सर्वांत जास्त टोकले जाते. ग्रंथालयात पहिल्या महिन्यात उच्चार सुधारू नयेत, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ.

पुस्तकांची पेटी वाचकाकडे पाठवण्याची कल्पना जुनी आहे आणि आपल्याकडे ती एका मराठी राजाने राबवली. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणून मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले आणि लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेड्यापाड्यांत पाठवली. राजघराणे मराठी, प्रजा बहुतांश गुजराती. खेड्यांत पुस्तके गेली ती प्रामुख्याने गुजराती. राजाची भाषा प्रजेच्या कपाटावर लादावी असे त्यांना वाटले नाही. हैदराबाद आणि बडोदा ही दोन संस्थाने शेजारी मांडून पाहिली की ग्रंथालय कोणासाठी असते याचे दोन नमुने दिसतात.

हिंगोलीत पेटी कुठे ठेवायची याचे माझे उत्तर ठरलेले आहे. हळदीच्या हंगामात इथल्या संत नामदेव हळद मार्केट यार्डासमोर गाड्यांच्या रांगा लागतात आणि शेतकरी, चालक, हमाल तासन्‌तास थांबून असतात. रिकामा वेळ आणि साक्षर माणूस यांची अशी गाठ इतर कुठे पडत नाही. तिथे मराठी, उर्दू, हिंदी वर्तमानपत्रे आणि पातळ पुस्तके असलेली पेटी ठेवली तर पहिल्याच आठवड्यात ती अर्धी रिकामी होईल, आणि ते चालेल. दुसरी जागा दसऱ्याचे प्रदर्शन. जिल्ह्यातल्या सगळ्या जाती-जमाती, सगळ्या भाषा तिथे पाळण्यांच्या आणि मिठाईच्या ओढीने येतात. ग्रंथालयाने तिथे गाळा घ्यावा आणि त्यात गोरबोलीतून गोष्ट सांगणारी बाई बसवावी. तिसरी नर्सी. नामदेवांचे जन्मगाव म्हणून नर्सीला मान आहे; त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे नांदेडला येणारे पंजाबी यात्रेकरू नर्सीलाही येतात. हिंगोलीचा सर्वांत मोठा माणूस मराठीत गायला आणि उत्तरेत गेल्यावर तिथल्या लोकांच्या भाषेत गायला. त्याच्या गावच्या वाचनालयात एक गुरुमुखी पुस्तक ठेवायला ठराव घ्यावा लागू नये.

राहिला दसऱ्यानंतरचा काळ. दिवाळीच्या आगेमागे तांड्यांवरून आणि गावांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मुले बरोबर जातात. सात दिवसांत पुस्तक परत हा नियम त्यांना लागू केला की ती सभासदच राहत नाहीत. म्हणून बहुतेक ग्रंथालये त्यांना सभासद करून घेत नाहीत, पुस्तके बुडण्याच्या भीतीने. या पुस्तिकेत सुचवलेला मार्ग असा : निघणाऱ्या प्रत्येक टोळीसाठी मुकादमाच्या नव्हे, टोळीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलीच्या नावावर पेटी द्यायची. तिच्यात वीस-पंचवीस पातळ पुस्तके, दोन गोरबोलीच्या पुस्तिका, पाटी-खडू. मुदत चैत्रापर्यंत. अनामत नाही. उसाच्या फडात, कोप्यांवर, दवात आणि धुरात त्यातली काही पुस्तके जाणारच. ग्रंथालयांना जुनी, फाटकी पुस्तके निर्लेखित करण्याची पद्धत ठाऊक आहे. या पेट्यांतली पुस्तके पहिल्या दिवसापासूनच त्या हिशेबात धरावीत आणि देणगीच्या पैशांतून घ्यावीत, म्हणजे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे ग्रंथपालाची मान अडकणार नाही. परत आलेल्या पेटीत किती पुस्तके कमी आहेत हे लिहावे, पण त्याआधी कोणते पुस्तक सर्वांत जास्त मळले आहे ते लिहावे. पुढच्या वर्षीची खरेदी त्यावरून ठरवता येते. परिशिष्टात त्यासाठी वेगळा तक्ता दिला आहे. त्यातला भाषेचा रकाना पहिला आहे आणि तो ग्रंथपालाने स्वतः न भरता वाचकाला विचारून भरायचा आहे.